सहा ठिपक्यांचा प्रकाश : लुई ब्रेल यांचे जीवन

परंपरेनुसार ६ जानेवारी हा प्रभूप्रकटीकरणाचा सण. पूर्वेकडील ज्ञानी लोक ताऱ्याच्या प्रकाशात चालत बेथलेहेमला आले आणि त्यांनी बाळ येशूचे दर्शन घेतले, याचे स्मरण ख्रिस्तसभा या दिवशी करते. १८५२ साली याच सणाच्या सायंकाळी पॅरिस शहरातील अंध मुलांच्या शाळेत एका शिक्षकाने शेवटचा श्वास घेतला. वय अवघे ४३ वर्षे. लहानपणीच दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेल्या या शिक्षकाने जगातील अंधांच्या हाती वाचनाचे आणि लेखनाचे साधन दिले होते. मात्र त्या दिवशी पॅरिसमधील फारच थोड्या लोकांना त्याचे नाव ठाऊक होते. त्या शिक्षकाचे नाव लुई ब्रेल.

ब्रेल लिपी हे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. परंतु ती लिपी शोधणारा माणूस श्रद्धावंत कॅथलिक होता, चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत होता आणि त्याच्या शिक्षणाचा पहिला धडा त्याला गावच्या धर्मगुरूंनी दिला होता, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात येथे देत आहोत.

कुव्रे गावातील खोगीर बनविणाऱ्याचे घर

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर कुव्रे नावाचे छोटे गाव आहे. तेथे सिमों-रने ब्रेल हे घोड्यांची खोगिरे, लगाम आणि चामड्याचे इतर साहित्य बनविण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्या पत्नीचे नाव मोनिक. या दांपत्याला अगोदरची तीन अपत्ये होती. ४ जानेवारी १८०९ रोजी चौथे अपत्य जन्माला आले. चार दिवसांनी, ८ जानेवारीला, गावच्या चर्चमध्ये बाळाचा स्नानसंस्कार झाला व त्याचे नाव लुई ठेवण्यात आले. थोरल्या भावंडांत आणि त्याच्यात बरेच अंतर असल्यामुळे तो घरात सर्वांचा लाडका होता.

वडिलांचे कामाचे दालन घरातच होते. चामडे कापण्याचे सुरे आणि चामड्याला भोके पाडण्याची आरी तेथे मांडलेली असे. १८१२ साली, लुई तीन वर्षांचा असताना, तो त्या दालनात खेळू लागला. वडिलांचे अनुकरण करीत त्याने एक टोकदार हत्यार हातात घेतले आणि चामड्यावर ते चालविण्याचा प्रयत्न केला. हत्यार निसटले आणि त्याच्या एका डोळ्यात घुसले.

त्या काळात गावखेड्यात जो उपचार उपलब्ध होता तो करण्यात आला. जंतूंविषयीचे ज्ञान अजून जगाला व्हावयाचे होते. जखमी डोळा वाचला नाही. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की, ज्या डोळ्याला हत्याराचा स्पर्शही झाला नव्हता, तो दुसरा डोळाही लाल होऊ लागला, अधू होत गेला. पाच वर्षांचा होईपर्यंत लुई पूर्णपणे अंध झाला.

दुसरा डोळा का गेला?

एका डोळ्याला इजा झाली असता दुसरा डोळा कसा जातो, हा प्रश्न त्या आईवडिलांना नक्कीच पडला असेल. जुन्या चरित्रांत जखमेतील विषार दुसऱ्या डोळ्यात पसरला, असे सांगितलेले आढळते. आजच्या नेत्रतज्ज्ञांपैकी अनेकांना मात्र यामागे एक विशिष्ट आजार असावा असे वाटते. त्याला सिम्पथेटिक ऑफ्थाल्मिया असे म्हणतात. एका डोळ्याच्या दुखण्यात दुसरा डोळा सहभागी होतो, असा या नावाचा आशय आहे. स्कॉटलंडमधील नेत्रवैद्य विल्यम मॅकेन्झी यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले तेव्हा एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध चालू होता. लुईवर उपचार करणाऱ्यांना त्याची कल्पना असणे शक्य नव्हते.

आपल्या डोळ्याच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचा थर म्हणजे समोरची पारदर्शक काच व तिला जोडून असलेला पांढरा भाग. सर्वांत आतला थर म्हणजे प्रतिमा टिपणारा नेत्रपटल. या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी भरलेला, गडद रंगाचा एक थर असतो. त्याला युव्हिआ म्हणतात. लॅटिन भाषेत युव्हा म्हणजे द्राक्ष. बाहेरचे आवरण काढले असता हा थर काळ्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून हे नाव पडले. बाहुलीभोवतीचे रंगीत कडे हा याच थराचा पुढचा भाग होय.

डोळ्याच्या आतील हे द्रव्य शरीराच्या संरक्षणयंत्रणेपासून एरवी बरेचसे अलिप्त असते. टोकदार वस्तूने डोळा फुटून ते उघडे पडले, तर क्वचित प्रसंगी ही यंत्रणा त्याला परके समजते आणि त्याच्यावर हल्ला चढविते. तो हल्ला केवळ जखमी डोळ्यापुरता राहत नाही. दुसऱ्या डोळ्यातील युव्हिआ अगदी तसाच असल्यामुळे त्यालाही सूज येते. बहुतेक वेळा इजा झाल्यानंतर दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या काळात, तर कधी त्याहून पुष्कळ उशिरा, हा त्रास सुरू होतो. उजेड सहन न होणे, डोळा दुखणे व लाल होणे, नजर धूसर होणे ही त्याची लक्षणे आहेत. आज जखम वेळेवर नीट शिवता येते आणि सूज आवरणारी स्टिरॉइडसारखी औषधे उपलब्ध आहेत. त्यामुळे हा आजार दुर्मिळ झाला आहे आणि झाला तरी दृष्टी पुष्कळदा वाचविता येते. दोनशे वर्षांपूर्वी यांपैकी काहीही नव्हते. चिमुकला लुई अंधारात गेला तो कायमचाच.

धर्मगुरूंनी उघडलेले दार

त्या काळी गरीब घरातील अंध मुलाच्या नशिबी बहुधा भीक मागणे असे. लुईच्या आईवडिलांनी ते कधीच मान्य केले नाही. त्यांनी त्याला घरातील कामे शिकविली आणि काठीच्या आधाराने गावात फिरावयास शिकविले. वडिलांनी लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार तयार केले व बोटांनी चाचपून ती अक्षरे ओळखण्यास त्याला शिकविले, असे सांगतात. ज्या दालनात मुलाची दृष्टी गेली, त्याच दालनातील खिळे आणि हातोडी घेऊन बापाने मुलाला अक्षरओळख करून दिली.

तो काळही कठीण होता. नेपोलियनच्या पराभवानंतर परकीय सैन्य त्या भागात आले आणि ब्रेल यांच्या घरातही सैनिकांना जागा द्यावी लागली. १८१५ साली फादर जाक पाल्वी हे कुव्रेचे धर्मगुरू म्हणून आले. या अंध मुलाची तल्लख बुद्धी त्यांच्या लक्षात आली. ते त्याला धर्मगुरुनिवासात बोलावून शिकवू लागले. झाडे, फुले, पक्ष्यांचे आवाज यांची ओळख त्यांनी त्याला करून दिली, तसेच पवित्र शास्त्रातील कथा सांगितल्या. पुढे त्यांनी गावच्या शाळेतील शिक्षक आंत्वान बेशरे यांना गळ घातली आणि लुई डोळस मुलांसोबत वर्गात बसू लागला. अंध मुलाला सामान्य शाळेत घेणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. लुई ऐकूनच सर्व लक्षात ठेवी आणि वर्गात चमकत असे.

तथापि, केवळ ऐकून किती शिकणार? पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी राजाश्रयाने चालणारी शाळा आहे, हे फादरांना व शिक्षकांना समजले. गावातील जमीनदार मार्की दॉर्व्हिलिए यांच्या मदतीने लुईला शिष्यवृत्ती मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, दहा वर्षांचा लुई वडिलांसोबत पॅरिसला गेला व त्या शाळेत दाखल झाला.

पवित्र आठवणींची इमारत

ही शाळा व्हालांतँ आवी या सद्गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन केली होती. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत अंध माणसांना विचित्र पोशाख घालून, त्यांच्या हाती वाद्ये देऊन त्यांची टिंगल चाललेली त्यांनी पाहिली. ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही. अंधांना शिकविले पाहिजे, असा त्यांनी निर्धार केला आणि जाड कागदावर उठावदार अक्षरे छापून पुस्तके तयार केली.

लुई आला तेव्हा ही शाळा संत व्हिक्टर मार्गावरील जुन्या सेंट फिर्मिन सेमिनरीच्या इमारतीत होती. याच जागी दोन शतकांपूर्वी संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी वास्तव्य केले होते व आपल्या मिशनरी संघाचा पाया घातला होता. फ्रेंच राज्यक्रांतीत, सप्टेंबर १७९२ मध्ये, याच वास्तूत कोंडलेल्या अनेक धर्मगुरूंची हत्या झाली होती. हुतात्म्यांच्या रक्ताने पावन झालेली ती वास्तू आता अंध मुलांचे घर झाली होती. मात्र इमारत जुनी, दमट व अंधारी होती. अनेक मुलांची प्रकृती तेथे ढासळत असे. लुई ब्रेल यांना पुढे जडलेल्या क्षयाचे मूळ याच दमट भिंतींत असावे, असे अनेक चरित्रकार मानतात.

आवी यांच्या पुस्तकांतील अक्षरे मोठी असत. एकेक अक्षर बोटाने चाचपून ओळखावयास फार वेळ लागे. पुस्तके जड, महाग आणि मोजकीच होती. शिवाय ती केवळ वाचण्यासाठी होती, त्या पद्धतीने अंध मुलाला स्वतःच्या हाताने काही लिहिता येत नसे. त्याला स्वतःच्या आईला पत्र लिहिणेही शक्य नव्हते. डोळसांची अक्षरे जशीच्या तशी अंधांच्या बोटांखाली देण्यात चूक होत होती. पण ती चूक दाखविण्यास अंध माणूसच हवा होता.

बारा ठिपक्यांचे सहा

१८२१ साली शार्ल बार्बिए नावाचे निवृत्त तोफखाना अधिकारी आपली एक पद्धत घेऊन शाळेत आले. कागदावर टोच्याने उठविलेल्या ठिपक्यांच्या साहाय्याने बोलीतील ध्वनी लिहावयाचे, अशी ती पद्धत होती. मुलांना ती आवडली, कारण बोटांना रेषेपेक्षा ठिपका अधिक स्पष्ट समजतो. परंतु तिच्यात उणिवा होत्या. एका चिन्हात दोन उभ्या ओळींत मिळून बारापर्यंत ठिपके असत, ते एका बोटाच्या टोकाखाली मावत नसत. शुद्धलेखन, विरामचिन्हे, अंक, संगीत यांपैकी काहीही तिच्यात लिहिता येत नव्हते.

लुई तेव्हा बारा वर्षांचा होता. दिवसभराचे धडे संपल्यावर, रात्री इतर मुले झोपल्यावर, तसेच सुट्टीत कुव्रेला गेल्यावर तो पाटी आणि टोच्या घेऊन बसत असे. तीन वर्षे त्याने सतत प्रयोग केले. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत मूळ स्वरूपात तयार झाली.

त्याने बारा ठिपक्यांचे सहा केले. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. हे संपूर्ण चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात समजते. सहा ठिपक्यांपैकी कोणते उठवावयाचे व कोणते सोडावयाचे, यावरून ६३ वेगवेगळी चिन्हे होतात. पहिली दहा अक्षरे वरच्या चार ठिपक्यांतून बनविली. त्यांनाच खालचा डावा ठिपका जोडून पुढची दहा झाली, आणि खालचे दोन्ही ठिपके जोडून त्यापुढची. अशा रीतीने दहा आकार लक्षात ठेवले की संपूर्ण वर्णमाला हाती येते. अंक आणि संगीताची चिन्हेही त्याच सहा ठिपक्यांत बसविली. ज्या प्रकारच्या टोकदार हत्याराने त्याची दृष्टी नेली होती, तशाच टोकदार साधनाने तो आता कागदावर अक्षरे उठवीत होता.

१८२९ साली ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकाच्या शीर्षकात शब्द आणि संगीत यांच्या जोडीला ख्रिस्तसभेच्या उपासनेतील पारंपरिक गायनाचाही उल्लेख आहे. अंध माणसाला चर्चमधील गायन व वादन करून सन्मानाने जगता यावे, हा विचार त्यामागे होता. त्या काळात ऑर्गनवादन हा अंध व्यक्तींसाठी उपजीविकेचा एक प्रमुख मार्ग होता. पुस्तकाच्या आरंभी लुई यांनी बार्बिए यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. दुसऱ्याच्या श्रेयाचा अपहार त्यांनी कधीच केला नाही.

शिक्षक आणि ऑर्गनवादक

शिक्षण संपल्यावर लुई ब्रेल त्याच शाळेत सहशिक्षक झाले आणि १८३३ साली पूर्ण शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. व्याकरण, इतिहास, भूगोल, अंकगणित, भूमिती, संगीत असे अनेक विषय ते शिकवीत. नवशिक्या मुलांसाठी त्यांनी अंकगणिताचे छोटे पुस्तकही लिहिले. विद्यार्थ्यांवर ओरडण्याची वेळ त्यांच्यावर येत नसे. शांत, नेमके बोलणारे, मृदू स्वभावाचे शिक्षक म्हणून त्यांचे सहकारी त्यांची आठवण सांगत. वडील १८३१ साली निवर्तले. आपल्या पश्चात लुईकडे लक्ष द्यावे, अशी विनंती त्यांनी मृत्यूपूर्वी शाळेचे संचालक पिन्ये यांना पत्राद्वारे केली होती.

लुई ब्रेल उत्तम ऑर्गनवादक होते. पॅरिसमधील सेंट निकोलस दे शां या चर्चमध्ये त्यांनी काही वर्षे ऑर्गनवादक म्हणून सेवा केली व पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाच्या चर्चमध्येही त्यांनी ऑर्गन वाजविला. मिस्सेच्या वेळी भाविकांच्या प्रार्थनेला साथ देणारे हे हात ठिपक्यांच्या लिपीचे जनक आहेत, याची जाणीव बाकांवर बसलेल्या किती जणांना असेल?

याच शहरात, १८३३ साली, फ्रेडरिक ओझानाम या तरुण विद्यार्थ्याने व त्याच्या मित्रांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची स्थापना केली. आपल्या धर्मग्रामांतून या सोसायटीचे कार्य आज आपण पाहतो. लुई ब्रेल यांची दानशीलताही त्याच वळणाची होती. त्यांचे वेतन फार नव्हते, तरीही गरजू विद्यार्थ्यांना ते गुपचूप पैसे देत. आपली ऑर्गनवादकाची एक जागा त्यांनी अधिक गरजू अशा अंध सहकाऱ्याला सोडून दिली, असे त्यांच्या मित्रांनी नमूद केले आहे.

विरोध आणि विजय

ब्रेल यांची पद्धत मुलांना प्रिय होती, पण शाळेने तिला अधिकृत मान्यता दिली नव्हती. डोळस शिक्षकांना ती शिकावी लागेल, अंध मुले डोळसांपासून वेगळी पडतील, असे आक्षेप घेतले जात. १८४० साली द्युफो हे संचालक झाले. त्यांनी उठावदार अक्षरांची दुसरी पद्धत आणली आणि ब्रेल पद्धतीला शाळेत जागा उरली नाही. तथापि मुले ऐकेनात. ती एकमेकांना चोरून ही लिपी शिकवीत राहिली. एकदा स्वतः लिहिण्याचा आनंद मिळालेल्या हातांना पुन्हा निरक्षर करणे कोणालाही जमले नाही.

ब्रेल यांनी या काळात कोणाविरुद्ध मोहीम उघडली नाही. ते आपले काम करीत राहिले. अंध व डोळस यांच्यातील दुरावा कमी व्हावा म्हणून १८३९ साली त्यांनी आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात ठिपक्यांच्या साहाय्याने नेहमीच्या अक्षरांचेच आकार उमटविले जात, म्हणजे अंध मुलाने लिहिलेले पत्र घरची डोळस माणसे वाचू शकत. पिएर फूको या अंध मित्राने त्यासाठी एक यंत्र तयार केले. अंधाने आपल्या माणसांशी बोलावे, त्याने एकटे पडू नये, ही तळमळ त्यांच्या प्रत्येक शोधामागे दिसते.

१८४३ साली शाळा नव्या, हवेशीर इमारतीत गेली. फेब्रुवारी १८४४ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले तेव्हा उपसंचालक ग्वादे यांच्या पुढाकाराने जमलेल्या पाहुण्यांसमोर ब्रेल पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. एका विद्यार्थ्याने सांगितलेला मजकूर ठिपक्यांत लिहून घेतला आणि त्या वेळी सभागृहात नसलेल्या दुसऱ्याने आत येऊन तो बोटांनी घडाघडा वाचून दाखविला. सभागृह थक्क झाले. द्युफो यांचेही मतपरिवर्तन झाले. त्यानंतर त्या शाळेत या लिपीला विरोध उरला नाही.

प्रकटीकरणाच्या दिवशी

ब्रेल यांना क्षयाने १८३५ च्या सुमारासच ग्रासले होते. बरे वाटले की ते वर्गात येत, आजार बळावला की कुव्रेच्या मोकळ्या हवेत जात. डिसेंबर १८५१ च्या आरंभी त्यांना मोठा रक्तस्राव झाला. शेवट जवळ आल्याचे त्यांनी ओळखले व धर्मगुरूंना बोलावून संस्कार स्वीकारले. आपले पृथ्वीवरील कार्य पूर्ण झाले आहे, अशी त्यांच्या मनाची धारणा झाली होती, असे त्यांचे मित्र कोल्ता यांनी लिहून ठेवले आहे. मृत्युपत्र करताना त्यांनी कुटुंबीयांसोबत आपली खोली झाडणारा सेवक, रुग्णालयातील परिचारक आणि रात्रीचा पहारेकरी यांचीही आठवण ठेवली.

६ जानेवारी १८५२ रोजी, प्रभूप्रकटीकरणाच्या सणाच्या सायंकाळी, मित्रांच्या सान्निध्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांची एक छोटी पेटी होती. आपल्या मृत्यूनंतर ती न उघडता जाळून टाकावी, असे त्यांनी सांगून ठेवले होते. मित्रांना राहवले नाही व त्यांनी ती उघडली. आत विद्यार्थ्यांनी घेतलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या. ती सर्व कर्जे त्यांना माफ करावयाची होती आणि कोणाचेही नाव उघड होऊ द्यावयाचे नव्हते. अखेर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्या चिठ्ठ्या जाळण्यात आल्या.

त्यांचे पार्थिव कुव्रेला नेऊन वडिलांच्या जवळ दफन करण्यात आले. दोन वर्षांनी, १८५४ साली, शाळेने या लिपीचा अधिकृत स्वीकार केला. १८७८ साली पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला पसंती दिली आणि ती जगभर पसरली. मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, जून १९५२ मध्ये, फ्रान्सने त्यांचे अवशेष सन्मानपूर्वक पॅरिसच्या पँथिऑन स्मारकात हलविले. कुव्रेच्या गावकऱ्यांनी मात्र त्यांचे हात आपल्या गावच्या मातीत ठेवून घेतले. ते आजही तेथील दफनभूमीत एका कलशात आहेत.

आपल्या दारी

मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. त्या काळी भारतात निरनिराळ्या प्रांतांत ठिपक्यांच्या वेगवेगळ्या पद्धती प्रचलित होत्या. १९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धत स्वीकारण्यात आली. त्यामुळे मराठीतील क आणि हिंदीतील क आज त्याच ठिपक्यांनी लिहिला जातो. ब्रेल यांच्या द्विशताब्दीनिमित्त भारत सरकारने २००९ साली त्यांच्या चित्राचे दोन रुपयांचे नाणे काढले. २०१९ पासून ४ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

या चरित्रातून आपण काही गोष्टी घरी घेऊन जाव्यात. पहिली गोष्ट आपल्या लेकरांच्या डोळ्यांविषयी. सुरी, कात्री, कर्कटक, धनुष्यबाण, विटीदांडू, दिवाळीचे फटाके यांमुळे आजही मुलांच्या डोळ्यांना इजा होते. डोळ्यात टोकदार वस्तू गेल्यास डोळा चोळू नये, धुऊ नये, वस्तू उपटून काढू नये. मध, दूध, झाडपाल्याचा रस असे काहीही घालू नये. डोळ्यावर दाब येणार नाही अशा रीतीने वाटी वा कागदी पेला आडवा धरून तडक नेत्ररुग्णालय गाठावे. जखम भरून आल्यानंतरही डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या चुकवू नयेत आणि दुसऱ्या डोळ्याला उजेडाचा त्रास होऊ लागला वा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी दाखवावे.

लहान मुलाचा डोळा तिरळा होऊ लागला तर तेही अंगावर काढू नये. तिरळेपणा भाग्याचा, वय वाढल्यावर तो आपोआप जातो, अशा समजुती काही घरांत असतात. एका डोळ्याची नजर कमी झाल्यामुळेही तो डोळा वळू शकतो, आणि त्यामागे आतील आजार असू शकतो. संधिवाताचा आजार असलेल्या मुलांना युव्हिआची सूज येऊ शकते. अशा मुलांचा डोळा अनेकदा लालही होत नाही व दुखतही नाही, म्हणून त्यांची नियमित नेत्रतपासणी आवश्यक असते. आपण नेत्रदानाचा संकल्प करतो, ते पुण्यकर्मच आहे. परंतु दान केलेल्या नेत्रांचा उपयोग प्रामुख्याने समोरची पारदर्शक काच निकामी झालेल्यांना होतो. डोळ्याच्या आतील थरांच्या आजाराने गेलेली दृष्टी त्यामुळे परत येत नाही. तेथे वेळेवर केलेला उपचार हाच उपाय.

दुसरी गोष्ट आपल्या धर्मग्रामाविषयी. शुभवर्तमानात अंध बार्तिमय रस्त्याच्या कडेला बसून ओरडत होता, तेव्हा लोक त्याला गप्प बसवीत होते. प्रभू येशूने मात्र थांबून त्याला जवळ बोलाविले आणि त्याला काय हवे आहे, ते त्यालाच विचारले. फादर पाल्वी यांनी तेच केले. त्यांनी चमत्कार केला नाही आणि लुईची दृष्टी परत आली नाही. त्यांनी मुलाला आपल्या दारात येऊ दिले, त्याच्यासाठी वेळ काढला आणि शाळेचे दार ठोठावले. त्यातून जे घडले, त्याचा लाभ जगातील लाखो अंधांना झाला.

आपल्या धर्मग्रामातही दृष्टिहीन बंधुभगिनी आहेत. सणासुदीला आपण त्यांची विचारपूस करतो, मदतही करतो. परंतु त्यांच्यापैकी कोणी रविवारच्या मिस्सेत वेदीवरून वाचन करतो का? गायकवृंदात त्यांना जागा आहे का? धर्मशिक्षणाच्या वर्गात अंध मूल आले तर त्याच्या हाती देण्यासाठी ब्रेलमधील एखादे पुस्तक आपल्याजवळ आहे का? लुई ब्रेल यांनी अंधांसाठी दयेची मागणी केली नाही. त्यांना इतरांच्या बरोबरीने वाचता, लिहिता आणि देवाची स्तुती गाता यावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

यंदा प्रभूप्रकटीकरणाच्या मिस्सेला जाताना, ताऱ्याच्या प्रकाशात चालत आलेल्या ज्ञानी लोकांसोबत या शिक्षकाचेही स्मरण करू या, आणि शक्य झाल्यास येताना एका दृष्टिहीन शेजाऱ्याचा हात धरून त्याला आपल्या बाकावर बसवू या.